आईला तू, आण्णांना उस्तेद

पूर्णिमा रायकरला राग येतो असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. राग तिच्याकडे मुक्कामालाच असतो. कधी बाहेर गेलाच तर संध्याकाळपर्यंत परत येतो. सकाळी धायरी फाट्यावर उलट्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षावाल्यापासून सुरुवात होते आणि कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर स्पॅनिश विभागात पोचेपर्यंत तो चांगला तापलेला असतो. मुलं तिला पाठीमागे ‘चिले मॅडम’ म्हणतात. चिले नावाचा देश आहे आणि मेक्सिकोत चिले म्हणजे मिरची. हे तिनेच त्यांना पहिल्या वर्षी शिकवलेलं, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही.

वय चौतीस. नऊ वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवते आहे. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि मुलाखत घेणारे मात्र जुनेच: विभागप्रमुख श्रीनिवास खांबेटे सर, ज्यांच्या हाताखाली ती स्वतः शिकली. या नऊ वर्षांत तिच्या वाट्याला फक्त व्याकरण आलं. साहित्याचे आणि संस्कृतीचे तास शेफालीकडे, कारण शेफाली स्पेनला जाऊन आलेली. व्याकरण म्हणजे धुणीभांडी आणि साहित्य म्हणजे दिवाणखाना, असं पूर्णिमा एकदा स्टाफरूममध्ये फणकाऱ्याने म्हणाली. खांबेटे सर चहा ढवळत म्हणाले, ‘‘धुणीभांडी झाली नाहीत तर दिवाणखान्यात बसणार कोण? तेव्हा तुझं काम महत्त्वाचं आहे.’’ सदाशिव पेठेत जन्म गेलेला माणूस. आवाज न चढवता समोरच्याला जागेवर बसवायचं, हे शिक्षण तिकडे घरीच होतं.

पूर्णिमा मूळची धायरीची. धायरी गाव होतं तेव्हाची. जिथे वडील गेनबा रायकर घेवडा लावायचे तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर रायकरच राहतात. घरात वडिलांना आप्पा म्हणतात. शाळा जिल्हा परिषदेची. बारावीनंतर परदेशी भाषा घ्यायची म्हणून ती एकटीच कॉलेजात गेली. फ्रेंचच्या जागा भरलेल्या, जर्मनला टक्के कमी पडले, आणि स्पॅनिशच्या खिडकीसमोर कुणीच उभं नव्हतं. अशी ती स्पॅनिशला लागली. पुढे मुलाखतीत तिला विचारायचे, स्पॅनिश का निवडलंत, तेव्हा ती संस्कृतीविषयी काहीबाही सांगायची आणि खोटं बोलावं लागलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

पहिल्या वर्षी सरांनी तिला धडा वाचायला उभं केलं. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ या अर्थाचा एक शब्द आहे. लिहायचा एच-ए-वाय आणि म्हणायचा ‘आय’, कारण त्यांच्यात ह मुका. पूर्णिमाने खणखणीत आवाजात वाचलं, ‘हाय’. वर्ग हसून फुटला. सर म्हणाले, ‘‘तुमच्या धायरीत हाय असेल. माद्रिदमध्ये नाही.’’ वर्ग दुसऱ्यांदा फुटला. तिच्या मनात आलं, अहो, पण अर्थ तोच आहे ना! तिकडेही आहे, आमच्याकडेही आहे. पण हे तिला बोलता आलं नाही. कान लाल करून ती खाली बसली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यापीठात पहिली आली. तो अभ्यास काही भाषेच्या प्रेमाने केलेला नव्हता. प्रेम नंतर जडलं. आधी सूड होता.

त्याच वर्षी विभागाला स्पेनमधल्या एका विद्यापीठाची एक जागा मिळाली. सहा महिने तिथे शिकायचं, सगळी सोय त्यांची. जागा अर्थातच पहिलीची. पूर्णिमाने घरी सांगितलं. आप्पा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, ‘‘पोरगी एकटी न्हाय जायची.’’ झालं. एवढंच. ती त्यांच्यापुढे एक अक्षर बोलली नाही. बोलणार कशी? ज्याला जन्मापासून ‘तुम्ही’ म्हटलं त्याच्याशी भांडायला शब्दच नसतात; वाक्य ‘तुम्ही’ने सुरू झालं की आवाज आपोआप खाली येतो. मग भांडली कुणाशी? आईशी. महिनाभर भांडली. तू काय बोलली नाहीस, तू नुसती उभी राहिलीस, तुझ्यामुळे झालं, तू, तू, तू. एकदा ताटही भिरकावलं. आई, शालूबाई, फरशीवरचा भात गोळा करत राहिली. जागा दुसरीला गेली. दुसरी आलेली मुलगी शेफाली होती.

हे सगळं सांगायचं कारण, यंदाच्या फेब्रुवारीत जे घडलं ते याशिवाय कळायचं नाही.

पूर्णिमा दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एक वाक्य लिहिते: स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणजे ‘तू’. मुलं खूश होतात. सातासमुद्रापलीकडची भाषा आणि तिच्यात हा एक शब्द थेट घरचा निघाला! उच्चार तोच, अर्थ तोच. मग ती त्याखाली लिहिते: ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’. आणि लगेच बजावते की शब्द सारखा असला तरी वापर सारखा नाही, स्पेनमध्ये लोक बापाला, सासऱ्याला, मास्तरला सर्रास तू म्हणतात. मुलं मान डोलावतात. लक्षात राहतं ते फक्त ‘तू म्हणजे तू’.

तिसऱ्या वर्षाला सोनू मते नावाची मुलगी होती. खडकवासल्याला धरणाच्या कडेला तिच्या आईवडिलांची कणसांची आणि भज्यांची गाडी. वडील, म्हणजे तिचे आण्णा, गिऱ्हाईक बघायचे, आई कढईपुढून उठायची नाही. शनिवार-रविवार सोनू तिथेच असे, त्यामुळे सोमवारी तिच्या वहीला कांदाभज्यांचा वास यायचा. पोरगी हुशार. पूर्णिमाला ती आवडायची, म्हणजे पूर्णिमा तिच्यावर सगळ्यात जास्त ओरडायची. विभागाला पुन्हा तशीच एक जागा आली होती, एक सत्र स्पेनमध्ये, आणि सोनूचे वडील चक्क हो म्हणाले होते. सोनूचं नाव जाणार हे ठरल्यातच जमा होतं. फक्त अट अशी की अंतर्गत परीक्षेच्या कुठल्याही भागात विद्यार्थी नापास नसावा.

परीक्षेत पत्र लिहायचं होतं. तुम्ही स्पेनमध्ये शिकताय अशी कल्पना करून घरी आईवडिलांना पत्र लिहा, वीस गुण. तपासायला शेफाली. सोनूला वीसपैकी सहा गुण मिळाले. पास व्हायला आठ हवेत.

पूर्णिमाने पेपर मागवून घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. सोनूने आईला ‘तू’ लिहिलं होतं आणि आण्णांना ‘उस्तेद’. एकाच पत्रात, एकाच परिच्छेदात. आई, तू पाठीला तेल लावतेस का. आण्णा, उस्तेद गोळ्या वेळेवर घेता ना. अकरा ठिकाणी ती आईकडून आण्णांकडे वळली होती, आणि अकराही ठिकाणी क्रियापद तिच्याबरोबर बिनचूक वळलं होतं. हे सोपं नाही. स्पॅनिशच्या क्रियापदांनी भल्याभल्यांचे दात पाडले आहेत. आणि त्या अकराही ठिकाणी शेफालीने लाल गोल काढून शेवटी लिहिलं होतं: संबोधनात गोंधळ.

पूर्णिमाचं डोकं फिरलं. तिथून ती थेट स्टाफरूममध्ये.

‘‘गोंधळ? कुठे दिसला तुला गोंधळ?’’

‘‘अगं पूर्णिमा, कन्सिस्टन्सी म्हणून काही असतं की नाही?’’ शेफाली म्हणाली. ‘‘एक लेटर, एक टोन. आणि ऑनेस्टली, स्पेनमध्ये आता कुणीच वडिलांना उस्तेद म्हणत नाही.’’

‘‘कोलंबियात म्हणतात. बोगोतामधल्या एक बाई सख्ख्या लेकराला उस्तेद म्हणतात, मी दर रविवारी नेटवरून बोलते त्यांच्याशी. स्पॅनिश काय फक्त तू राहिलीस त्या गल्लीत बोलतात?’’

‘‘ओके, पण मग दोघांना उस्तेद म्हण ना. एकीला हे आणि एकाला ते, असं कोण करतं?’’

‘‘तुझ्या घरी काय करतात?’’

शेफाली लहानपणापासून घरी आईबाबा दोघांनाही ‘तू’ म्हणत आलेली. तिला खरंच कळलं नव्हतं. आणि कळलं नव्हतं याचाच पूर्णिमाला जास्त राग आला. मुद्दाम केलेलं परवडतं, निदान भांडता येतं.

प्रकरण खांबेटे सरांकडे गेलं. सरांनी खुर्चीकडे हात केला. ‘‘शेफाली, तुम्ही बसा ना. पूर्णिमा, तू जरा दार लाव.’’

दार लावून पूर्णिमा उभीच राहिली. सरांनी पेपर चाळला, चष्मा कपाळावर नेला. ‘‘शेफाली, तुमचं म्हणणं मला पटतं. तुम्ही अगदी नियमाने तपासलंय.’’ मग दुसरीकडे वळून, ‘‘पूर्णिमा, तू भावनेच्या भरात बोलतेस. वर्गातली मुलगी आवडती असली की तुझं असं होतं. परीक्षक काय म्हणतो ते तू समजून घे. एका पत्रात लिहिणारा माणूस एकच असतो, मग त्याची भाषा दर ओळीला कशी बदलेल?’’

नऊ वर्षं पूर्णिमा जे ऐकत होती ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं.

‘‘सर, एक विचारू?’’

‘‘विचार की.’’

‘‘आत आल्यापासून तुम्ही शेफालीला तुम्ही म्हणताय आणि मला तू. खोली एक, बोलणारा माणूस एक, आणि एकदासुद्धा चुकला नाहीत. तुमचे किती गुण कापायचे?’’

सरांनी पेपर टेबलावर ठेवला. मग सर सावकाश म्हणाले, ‘‘अगं, तू माझी विद्यार्थिनी. आपलेपणाने म्हणतो मी.’’

‘‘शेफालीपण तुमचीच विद्यार्थिनी. माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. तेव्हा तुम्ही दोघींनाही तू म्हणायचात. मग तिच्याबद्दलचा आपलेपणा कुठे गेला?’’

शेफाली फोनकडे बघायला लागली. सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ‘‘आपला मुद्दा लक्षात आला,’’ ते म्हणाले. ‘‘आपण जूनमध्ये अर्ज करणार आहात ना?’’

मागत होती ‘तुम्ही’, आणि मिळालं ‘आपण’. पुण्यात ‘आपण’ला नुसता आदर समजणारा माणूस पुण्याचा नव्हे. त्या एका शब्दात तिला पुढच्या वर्षीचं वेळापत्रक दिसलं आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

‘‘मुलीला शुक्रवारी पुन्हा लिहू द्या,’’ सर शेफालीकडे बघून म्हणाले. ‘‘तुम्हीच घ्या पेपर. पण एका पत्रात एकच संबोधन. त्यात सवलत नाही.’’

बाहेर जिन्यात सोनू उभी होती. पूर्णिमाने तिला गाठलं. ‘‘ऐक. शुक्रवारी पुन्हा लिहायचंय. दोघांनाही तू म्हण आणि मोकळी हो. आई तू, आण्णा तू. समजलं?’’

सोनू पायरीकडे बघत राहिली. ‘‘मॅडम, आण्णांना तू लिहिलं की मला पुढचं काही सुचतच नाही. मी घरी ट्राय केलं. पेनच थांबतो.’’

‘‘कागद आहे तो! आण्णा वाचणारेत का?’’

‘‘नाही. पण मी वाचते ना.’’

हे ऐकून खरं तर पूर्णिमाला तिला जवळ घ्यावंसं वाटायला हवं होतं. तेच तर ती आत भांडून आली होती. पण वर केबिनमध्ये जे गिळावं लागलं ते सगळं तोंडाशी आलेलं, आणि समोर होती ही पोर. ‘‘मग नको जाऊस स्पेनला!’’ ती ओरडली. ‘‘बस धरणावर भजी तळत! जन्मभर बस!’’

वरून खाली येणारी दोन मुलं जागीच थबकली. सोनूने ‘‘बरं मॅडम’’ म्हटलं आणि बॅग सावरत निघून गेली. पूर्णिमा तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिली. हाक मारावी, माफी मागावी असं तिला वाटलं आणि ती तशीच गाडी काढून घरी आली. त्या आठवड्यात तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की दुसऱ्या कुणाला घालायला तिच्याकडे उरल्याच नाहीत. सिंहगड रस्त्यावर तिच्यापुढे टेम्पो आडवा घातला तरी ती गप्प राहिली.

शुक्रवारी परीक्षा झाली. पूर्णिमा त्या खोलीकडे फिरकली नाही. तीनच्या सुमाराला शेफाली स्वतः पेपर घेऊन तिच्या टेबलापाशी आली. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता, हे खरं तर तिच्या बाजूने सांगायला हवं.

‘‘सतरा दिलेत,’’ ती म्हणाली. ‘‘एकही गोल काढायला जागा नाही. तिचं नाव आजच जातंय.’’ आणि जाता जाता थांबून, ‘‘तू वाच ते. मी दोनदा वाचलं.’’

म्हणजे लिहिलं शेवटी बापाला तू, असं मनाशी म्हणत पूर्णिमाने कागद उलगडला. सुटल्यासारखं वाटावं तर तोंड कडू झालं. नियमाने एका पोरीचा हात पिरगळला आणि वर आपणही तिला तेच सांगितलं.

पण पत्रात ‘तू’ कुठेच नव्हता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उस्तेद. सोनूने आण्णांना खाली आणलं नव्हतं. तिने आईला वर नेलं होतं. पत्राची सुरुवातच अशी होती:

‘आई, तुम्ही जेवलात का?’

आणि पुढे: ‘मी इथे ज्यांच्या घरी राहते त्यांची आई सगळ्यांबरोबर टेबलावर बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना बरं नाही. तुम्हाला मी कधी पहिला घास खाताना पाहिलेलं नाही. तुम्ही आमच्यानंतर बसता आणि तोवर आम्ही उठलेलो असतो. तुमच्यासमोरच्या कढईत काय आहे ते आम्हाला माहीत असतं, तुमच्या ताटात काय असतं ते माहीत नसतं.’

स्पॅनिश अगदी साधं होतं, वर्तमानकाळातलं. तिसऱ्या परिच्छेदात आण्णांच्या गोळ्या होत्या, शेवटी दोघांना नमस्कार होता. पूर्णिमाने कागद पालथा ठेवला आणि तिला असा राग आला, असा राग आला, की टेबलाची कड दोन्ही हातांनी धरावी लागली. या वेळी तो सरांवर नव्हता. शेफालीवर नव्हता. आप्पांवरही नव्हता. वरच्या केबिनमध्ये जाऊन स्वतःसाठी ‘तुम्ही’ मागणारी ही बाई! आणि घरात जिला सासू तू म्हणाली, नवरा तू म्हणतो, लेक तू, पाहुण्यारावळ्यांच्या बैठकीतही जिच्यासाठी दुसरा शब्द कुणी काढला नाही, तिला हिने एवढ्या वर्षांत काय विचारलं? डबा भरला का, कुर्ता कुठे ठेवलास, तू बोलली का नाहीस. मायेनं तू म्हणतो आपण, ही गोष्ट खरीच आहे. पण त्या मायेच्या नावाखाली किती ओरडून घेतलं तिच्यावर, याचा हिशेब कुठल्या व्याकरणात बसत नाही.

ती व्हरांड्यात गेली आणि घरी फोन लावला. बऱ्याच वेळाने आईने उचलला. मागे कुकर वाजत होता.

‘‘आई...’’ पूर्णिमाने ‘तुम्ही’ म्हणायचा प्रयत्न केला. जीभ वळेना. कागदावर सोनूला जमलं ते हिला तोंडाने जमेना. ‘‘आई, जेवलीस का?’’

पलीकडून घाबरा आवाज आला. ‘‘काय झालं गं? गाडी घसरली का? कुटं हैस तू?’’

‘‘काही नाही झालं. सहज विचारलं.’’

‘‘सहज कशापायी इचारशील? नोकरीचं काय झालं का? कुणी काय बोललं का तुला? खरं सांग.’’

‘‘अगं, जेवलीस का एवढंच विचारतेय!’’

‘‘बसते की आता. ऋषी यायचाय अजून. त्यो आला की मग बसते.’’

ऋषी म्हणजे धाकटा भाऊ. तीस वर्षांचा. घड्याळात सव्वातीन झाले होते.

‘‘त्याची कसली वाट बघतेस!’’ पूर्णिमा ओरडली. ‘‘आत्ताच्या आत्ता ताट घे! किती वेळा सांगायचं तुला? काही कळतं का नाही तुला? बस म्हणते ना!’’ तिचा आवाज व्हरांडाभर घुमला, दोन वर्गांतली मुलं दारातून डोकावली, आणि तिला स्वतःचे शब्द ऐकू आले. डोळ्यांत पाणी आलं.

पलीकडून आईने मोठा सुस्कारा सोडला. जीव भांड्यात पडल्याचा.

‘‘हां, वरडलीस,’’ ती म्हणाली. ‘‘मग काय झालं न्हाय तुला.’’